स्पिरिटचा बोळा

मी व्हॉल्व्हला हात लावला की सर तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचे. मगच स्वतः धरायचे. लॅबमधल्या दुसऱ्या मॅडमनं धरला तर नाही पुसायचे. मला वाटलं, लॅबचा नियम असेल. काय भोळी होते मी!

देवासच्या कारखान्यांमधली ही लॅब. अमाइन नावाचं रसायन मिसळलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड किती विरघळतो, ते मोजायचं. बंद स्टीलच्या भांड्यात ते पाणी, वरून गॅस. गॅस पाण्यात मुरतो तसा दाबाचा काटा उतरतो. काटा पुरता थांबला की आकडा लिहायचा. पाच-सहा तास जातात.

सरांना तेवढा दम कुठला! धारच्या दरबारी घराण्याचे ना ते. साडेबाराला डबा उघडायलाच हवा. काटा उतरत असतानाच आकडा लिहून मोकळे. एकदा मी म्हटलं, "सर, रुकिए, अभी गिर रहा है."

"तू बाटल्या धू. बी.एस्सी. झालीस म्हणून जात बदलली काय?"

सगळे हसले. मी पण हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

तेव्हापासून दर दहा मिनिटांनी दाब मी माझ्या वहीत टिपू लागले. बाटल्या धुता धुता, ओल्या हातानं.

मग काम देणाऱ्या कंपनीनं तेच द्रावण दुसरीकडे मोजून घेतलं. तिथं गॅस बराच जास्त मुरला. मुरणारच! तिथं काटा थांबेपर्यंत वाट पाहिली असणार. आज त्यांचा माणूस जाब विचारायला आला. सरांनी माझ्यापुढे कागद सरकवला. मी भांडं नीट धुतलं नाही, म्हणून आकडा चुकला, असं त्यावर लिहिलेलं.

"सही कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

बाबांचा कारखाना बंद पडलाय, घर माझ्या पगारावर. पेन उचललंही, खोटं कशाला बोलू? पण सही केली असती तर माझे हात घाण आहेत, हे मीच लिहून दिलं असतं.

मी कागद परत सरकवला आणि वही उघडली. कंपनीच्या माणसाला म्हटलं, "भिया, ये देखो. सर खाना खाने गए, उसके बाद भी काँटा तीन घंटे गिरा है."

सरांचं एवढं मोठं घराणं, आणि एका काट्यासमोर बसायची लायकी नाही. थू!

नोकरी राहते की जाते, ठाऊक नाही. उद्या मी जाणार. व्हॉल्व्ह मीच उघडणार. स्पिरिटची बाटली त्यांच्यापुढे ठेवणार, पुसा म्हणावं हवं तेवढं. काटा थांबेपर्यंत आकडा कुणाला लिहू देणार नाही. आणि लिहिला की खाली नाव माझं.