दोलमोरीचा गुलाबी जिवाणू

पांग मल-सुक प्रयोगशाळेत लागली ती काचेच्या ताटल्या धुवायला. कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या संस्थेत सगळे तिला मावशीच म्हणत. तिचं बालपण ओहोटीच्या चिखलात शिंपल्या वेचण्यात गेलेलं, म्हणून चिखलाचे नमुने आणायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

चिखल पसरलेल्या ताटलीत आठवडाभरात जिवाणू उगवले नाहीत की ती धुऊन टाकायची, असा तिथला शिरस्ता. मल-सुकने मात्र आपल्या दोलमोरी गावच्या चिखलाच्या ताटल्या गुपचूप ठेवून दिल्या. बाराव्या दिवशी त्यांवर खसखशीएवढे गुलाबी ठिपके उमटले.

पुढे वर्षभर तिने त्या जिवाणूंना पोसलं, तपासलं. मिठाशिवाय जगत नाहीत, पोहत नाहीत, सरपटतात, हवा लागतेच. जनुकं कुणाशीच जुळेनात, तेव्हा विभागप्रमुख डॉ. म्यंग खूश झाले. प्रजातीच नवी होती! आता दोन नावं हवी होती: पहिलं प्रजातीचं, आडनावासारखं, आणि दुसरं जातीचं.

"सर, दुसऱ्या नावात दोलमोरी घालाल? भिंत घालून समुद्र अडवतायत. गाव काही राहत नाही आता."

"अहो मावशी, त्या गावाला कोण विचारतंय? गुलाबी दिसतो ना, मग गुलाबीच म्हणू."

प्रजातीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं. मल-सुकचं नाव शोधनिबंधाच्या शेवटी आभारात आलं, तेही 'मन-सुक' असं. पुढच्या वर्षी तिचा करार वाढवला नाही.

सहा वर्षांनी ती कालवं फोडायच्या शेडमध्ये बसली होती, तेव्हा डॉ. म्यंग नासपतीची पेटी घेऊन आले.

"मावशी, घात झाला. दुसऱ्या लोकांनी सगळी जनुकं वाचली. म्हणतात, प्रजाती वेगळी नाहीच. आपला जिवाणू जुन्याच एका प्रजातीत ढकलला. गुरुजींचं नाव गेलं."

"दोन्ही नावं गेली?"

"पहिलं गेलं. दुसरं नियमानं तसंच राहतं."

मल-सुकचा सुरा थांबला. "म्हणजे दोलमोरी राहिलं असतं."

डॉक्टरांनी पेटी तिच्यापुढे सरकवली. मग हळूच म्हणाले, "त्याच जागचा चिखल मिळाला, त्याची आणखी भावंडं सापडली, तर प्रजाती वेगळीच आहे म्हणून मला लढता येईल. तुमच्याइतकी ती जागा कुणाला ठाऊक नाही."

"जागा ठाऊक आहे ना. तिच्यावर आता गोदाम उभं आहे. सिमेंट फोडायला माणसं पाठवा, बोट ठेवून दाखवते कुठे ते."

ते गेल्यावर तिने नासपती शेडमधल्या बायकांना वाटून टाकल्या. स्वतः एकही खाल्ली नाही.