बराबर गुडघा

बाळांनो, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी देवीसमोर दिवा लावणं सोडलं होतं. खाली बसवत नाही, असं घरात सांगितलं. खरं तर ती माझं ऐकते यावरचा विश्वासच उडाला होता. डावा गुडघा पुरता झिजलेला. हसनाबादच्या घरात मी सगळा भार उजव्या पायावर टाकून वावरत होते. तोही गेला तर अंथरुणाला खिळायचं, एवढी एकच धास्ती होती.

जालन्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. हाड कुठे, किती अंशांत कापायचं ते संगणकावर आखतात, सांधा केसभरही वाकडा बसत नाही. मला आखीव काम आवडतं. देवीपेक्षा मी त्या यंत्रावर भरवसा ठेवला.

सकाळी खूण करायला नर्स आली. जाफराबादकडची, बोलकी मुलगी. उजव्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "आजी, हाच बराबर ना?"

"हो गं, हा अगदी बराबर आहे."

"मंग झालं तर! आता नातवाच्या लग्नात नाचायचं बरं का."

तिने गुडघ्यावर बाण काढला. शाई गार लागली. चांगल्या पायावरही खूण करत असतील, असं समजून मी गप्प राहिले.

कमरेत सुई दिल्यावर दोन्ही पाय कुणी काढून नेल्यासारखे झाले. छातीशी हिरवा पडदा लावला. भूलतज्ज्ञ बाईंनी चिमटे काढून विचारलं, काहीच कळत नव्हतं. पलीकडे यंत्र घुमू लागलं आणि त्याच वेळी माझ्या डाव्या गुडघ्यावर कुणीतरी हात ठेवला. ओला, थंडगार, जड हात. काचेच्या बांगड्या कातडीत रुतत होत्या.

"डाव्या गुडघ्यावर हात कुणाचा आहे?" मी विचारलं.

भूलतज्ज्ञ बाई वाकून म्हणाल्या, "कुणाचाच नाही, आजी. त्या बाजूला कुणी उभंच नाही."

"मग माझा दुखरा गुडघा दाबतंय कोण?"

यंत्र थांबलं. पडद्यामागून डॉक्टरांचा आवाज आला. "आजी, दुखरा कोणता?"

"डावा."

उजव्या पायाला तांबडं औषध फासून झालं होतं. एक्स-रे पुन्हा लावल्याचा आवाज आला. नर्स रडवेली झाली. "आजी, म्या इचारलं तवा तुम्हीच म्हणल्या ना, हा बराबर हाय?"

"अगं, बराबर म्हणजे धडधाकट!"

"मला वाटलं, हाच करायचा."

तो हात तेवढ्यात उठला. ऑपरेशनच्या खोलीत बांगड्या कुणीच घालत नाही, हे मला नंतर कळलं. डॉक्टर म्हणाले, कापण्याआधी एक्स-रे पाहिलाच असता. पाहिलाही असता. मी वाद घातला नाही.

आता मी काठीशिवाय चालते. नव्या, डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला तळव्याएवढी जागा मात्र बधिर राहिली आहे. तसं पुष्कळांचं राहतं म्हणे. तिथे गरम पाणी लागलं तरी मला कळत नाही, पण कधी देवघरात उभी असताना तिथेच ओलं, गार काहीतरी टेकतं. मी खाली पाहत नाही. आपल्याला कळत नाही तेही आपल्याला धरून असतं, एवढं समजून डोळे मिटते आणि आईपुढे मान तुकवते.