पदराआडचा व्हिडिओ कॉल

इंदरगंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांमध्ये आम्ही दोन कुटुंबं राहायचो, आम्ही आणि थोरले काका-काकू. वडील आणि काका एकाच छापखान्यात होते आणि तो छापखाना महिन्यातले निम्मे दिवस बंदच असायचा. आई आणि काकू पाटणकर बाजारातल्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या नव्या साड्या मांडीवर, पण लग्नाकार्याला नेसण्यासारखी साडी घरात एकच. म्हणून लग्नाला दोघींपैकी एकच जायची आणि परत आल्यावर घरी राहिलेलीला सगळं लग्न सांगायची. पंगतीत काय होतं, कोण रुसलं, नवरीच्या सासूने कसं तोंड केलं, काही सुटायचं नाही. त्या गप्पांच्या शेजारी बसून मी अभ्यास केला आणि बी.ए. झाले. आमच्या घराण्यात फौजेत पुष्कळ गेले, कॉलेजात पहिली मी गेले. हे मी मिरवते आणि मिरवणार.

पुढे मला नोकरी लागली, दर्पण कॉलनीत घर झालं. वडील गेल्यावर आई माझ्याकडे आली आणि काका-काकू मुलाकडे पुण्याला गेले. दोघी जावा रोज फोनवर बोलायच्या. मग काकूचे कान गेले. कानात यंत्र घालून पाहिलं, त्यात तिला नुसती खरखर ऐकू यायची. इकडून आई ओरडायची, तिकडून काकू भलतंच उत्तर द्यायची. हळूहळू फोन बंद झाले. "जाऊ दे, आता काय बोलायचं राहिलंय," असं आई म्हणायची खरी, पण दुपारी तिला करमायचं नाही. या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरायची.

चुलतभावाने सांगितलं की समोर बसून बोललं तर ओठांवरून काकूला बरंच समजतं. मी लगेच आईसाठी मोठ्या स्क्रीनचा मोबाइल आणला.

"मला नाही जमायचं. फालतूची झंझट. भलतंच काही दबून गेलं तर?"

"तर परत दाबू. फॉल तिरपा लागला की उसवून परत लावायचीस ना?"

"बी.ए. झालीस तेव्हापासून फार बोलतेस," आई म्हणाली, पण मोबाइल तिने हातात घेतला.

बोलूनही शोधता येतं हे कळल्यावर ती खुलली. मोबाइलशी अहो-जाहोने बोलायची. "जरा कोल्हापूरची अंबाबाई दाखवता का?" देवी दिसली की हात जोडायची, आणि मग तिथल्या बाजारातल्या साड्या बघत बसायची. "हा फॉल कोणी लावलाय? सगळ्या चुण्या पडल्यात," असं म्हणत दुसरा व्हिडिओ लावायची.

व्हिडिओ कॉलचं घोडं मात्र अडलं. काकूचे हात थरथरतात आणि दिवसा मुलगा-सून कामावर, त्यामुळे तिकडे फोन काका धरणार. आणि काका म्हणजे आईचे थोरले दीर. त्यांच्यासमोर आईने जन्मभर नाकापर्यंत पदर ओढलेला आणि एक शब्द थेट बोललेली नाही. "म्हणावं, ताट वाढलंय," हे ती भिंतीला सांगायची. काकाही भिंतीलाच सांगायचे, "म्हणावं, आलो."

पहिला कॉल लागला. आई ठेवणीतली साडी नेसून बसली होती, पदर नाकापर्यंत.

"काय गं धाकटे, तोंड कुठाय तुझं?" काकू म्हणाली. "मला नुसता पदर दिसतोय."

आई पदराच्या आतून मोठ्याने बोलत राहिली. काकूला त्यातलं काही कळेना. ती आपली विचारत होती, "जेवलीस का? जेवलीस का?" तिचे डोळे भरून आले.

काकांच्या लक्षात आलं. ते मला म्हणाले, "बेटा, आईला म्हणावं, मी बघत नाही. मोकळेपणी बोला." आणि त्यांनी मान खिडकीकडे फिरवली. आईने पदर मागे सारला, पण मान फिरली तसा काकांचा हातही फिरला. काकू स्क्रीनवरून गेली. आम्हाला छताचा पंखा दिसायला लागला.

"दिसली ना आता?" काकांनी पंख्याच्या मागून विचारलं.

मी सांगणार तेवढ्यात आईच बोलली. "दादा, फोन खाली घ्या. आणि इकडे बघून धरा, नाहीतर परत हलेल."

काकांनी फोन खाली घेतला, समोर बघून नीट धरला आणि म्हणाले, "असा चालेल?" या वेळी भिंतीला नाही, आईला.

"चालेल," आई म्हणाली. तिने पदर डोक्यावर सारखा केला, तोंड तसंच उघडं ठेवलं, आणि आमच्या कॉलनीतल्या परवाच्या लग्नाला सुरुवात केली. काकू तिच्या ओठांकडे बघत होती. नवरदेवाच्या मावशीपर्यंत गोष्ट आली तेव्हा काकू बरोबर जागेवर हसली. "ती मेली आहेच तशी," म्हणाली.

मी उठून चहा ठेवायला गेले. माझं तिथे काही काम नव्हतं.

आता कॉल लावायला आई मला बोलावत नाही. दुपारी स्वतःच लावते, काकांना फोन कसा धरायचा ते सांगते, आणि दोघी जावा पुन्हा रोज बोलतात.