लाइनीचा म्हसोबा

डोंगरातली खडीची लाइन बंद पडली, तवा रूळ सरकारनं नेले अन् लाकडी स्लीपर लोकांनी गोठ्याला लावले. उरला नुसता भराव. त्या भरावावर उमर घालवलेला एकच माणूस आमच्या गावात होता, रसूलचाचा. रेल्वेचा जातीचा गँगवाला. खांद्यावर हातोडा टाकून रोज लाइन ठोकत जायचा. लाइन गेली तशी त्याची बदली झाली. पेन्शनीत परत आला, तर गुडघे गेलेले. मशिदीमागच्या खोलीत एकटाच राहायचा. भाकरी स्वतः थापायचा, तिला कधी गोल कड म्हणून आली न्हाय.

दुष्काळानंतर गावोगाव दूध सोसायट्या निघाल्या. आमच्या सोसायटीनं मिलिटरीच्या लिलावातली जीप घेतली, अन् तिचा डायव्हर मी. डोंगरापल्याडच्या वाड्यांचं दूध कळंबला पोचेस्तवर नासायचं. चेअरमन आबारावांच्या डोक्यात आलं, लाइनीचा भराव आयता पडलाय, त्याच्यावरनंच रस्ता काढू. वाट दावायला रसूलचाचाशिवाय दुसरं कोण?

सकाळी न्यायला गेलो तर म्हातारा धुतलेली टोपी, कानात अत्तराचा बोळा घालून तयार.

"चाचा, लग्नाला निघालाव का काय?"

"गुलबानो तिकडंच हाय, श्रीपती."

मग सांगितलं. बायको डोंगरातल्या रेल्वे क्वार्टरात वारली, ऐन पावसात. ओढा फुगलेला, गावात आणायची सोय न्हाय. गँगच्या माणसांनी लाइनीच्या कडंला, मैलाच्या दगडापाशी दफन केलं. "तिच्या उजव्या अंगाला माझी जागा सोडलीया. रस्ता तिच्यावरनं जाऊ द्यायचा न्हाय, येवढ्यापायी येतो."

"मग चेअरमनला आत्ताच सांगा की."

"जागेवर गेल्यावर सांगतो. जागा दिसली की माणूस ऐकतंय."

जीप फोर-व्हीलवर टाकली अन् भरावावर चढवली. दोन्ही अंगाला पळस फुललेला, सीताफळीची झुडपं टपाला घासायची. खाली सगळा मुलूख भाजलेल्या ढेकळाच्या रंगाचा. डोंगर फोडून काढलेल्या कटिंगमधी शिरलं की गारवा, बाहेर आलं की तोंडावर झळ. चाचा बोलत होता, हितं इंजिन दमायचं, तितं नाग निघाला होता. त्याचं ऐकणारं कुणी न्हवतं. आबाराव भरावाची रुंदी बघत होते.

भरावाखालच्या एका मोरीपाशी दगडांची लांबट रास दिसली. म्या म्हटलं, "कुणाची तरी माती हाय वाटतं."

"आसंल एखादा मजूर," आबाराव म्हणाले. "रस्ता जित्या माणसांसाठी आसतो, श्रीपती. डोझर फिरला की सपाट."

चाचानं मान वळवून ती रास नजरेआड होईस्तवर पाहिली.

पुढं वळणावर त्यानंच हात वर केला. म्या ब्रेक मारला. मैलाचा दगड जागेवर होता, पर चुन्याचा पांढरा न्हाय. शेंदरानं लालभडक. वर चांदीचे डोळे चिकटवलेले. फुटके नारळ, लिंबं, शेळ्यांच्या लेंड्या. थडग्याचा उंचवटा माणसांच्या पायांनी दबून चौथरा झालेला.

जवळच बिराप्पा धनगर शेळ्या घिऊन बसलेला. आबारावांनी जीपमधनं उतरतानाच वहाणा काढल्या.

"कोण देव म्हणायचा?"

"लाइनीचा म्हसोबा. लई कडक. लांडगा फिरकत न्हाय हिकडं. बाईमाणसाला मातुर जवळ येऊ देत न्हाय."

चाचाचे ओठ हालले. म्या त्याच्याकडं बघितलं, आता बोलंल, मग बोलंल. त्यानं चपला काढल्या अन् जरा लांबच उभा राहिला.

बिराप्पा म्हणाला, "म्हातारबा, तुमच्यात चालत नसंल न्हवं?"

"चालतंय," चाचा म्हणाला.

आबारावांनी दगडावर रुपया ठेवला. "देवस्थान हाय, हात लावायचा न्हाय. डावीकडं दरी हाय, तवा रस्ता उजव्या अंगानं वळवू." अन् वहाणेच्या टाचेनं त्यांनी जमिनीवर रेघ ओढली, बरोबर चाचाच्या जागेवरनं.

चाचा त्या रेघेकडं बघत राहिला. मग चपला घालून जीपमधी येऊन बसला.

संध्याकाळी खोलीपाशी सोडताना म्या इचारलं, "का न्हाय बोललाव?"

"बोललो आसतो तर ती मजूर झाली आसती. आता देव हाय." खाली उतरला अन् एकदम हासला. "बाईमाणसाला जवळ येऊ देत न्हाय म्हणं. गुलबानोनं तरी कुठं येऊ दिलं? माझ्या भणींना चुलीपाशी फिरकू देत न्हवती."

वरसाभरात रस्ता झाला. चाचा दुधाच्या गाडीत बसून कधीमधी जायचा, लांब उभा राहायचा. बिराप्पानं त्याला नवस कसा बोलायचा तेबी शिकवलं.

चाचा मेला तवा गावच्या कबरस्तानात पुरला. माणसं मोजकीच. दुसऱ्या दिवशी दूध घिऊन निघालो. त्या वळणावर सगळेच डायव्हर हॉर्न देतेत, म्याबी दिला, अन् उजवीकडनं गाडी काढली.