उसाचा सिरका

तळलेला कोणताही पदार्थ पुढे आला की अण्णा आधी लांब कुठेतरी बघत. तेलगावच्या चौकात गरम भज्यांचा कागद हातात पडला, तरी तो तसाच धरून ते मान वर करून पश्चिमेकडे बघत राहायचे. पश्चिमेला कापसाची उजाड रानं, दोन बाभळी आणि सहकारी साखर कारखान्याची थंड पडलेली चिमणी, एवढंच होतं. पण अण्णांना तिथे समुद्र दिसत असावा. मग ते डोळे मिटून भज्यांचा वास घेत आणि स्वतःशीच म्हणत, "सगळं हाय. सिरका न्हाई."

अण्णा परळीच्या वीज केंद्रात नोकरीला होते. तिथून त्यांना एकदा काही महिन्यांसाठी इंग्लंडला शिकायला धाडलं होतं. परत येताना माणसं घड्याळं आणतात, कोट आणतात, निदान उच्चार तरी आणतात. अण्णांनी एक चव आणली. तिकडच्या एका बंदरात, रविवारी, धुक्यात बाकावर बसून कागदात गुंडाळलेला गरम मासा, बोटाएवढे जाड बटाट्याचे तुकडे आणि त्यावर शिंपडलेला तपकिरी सिरका, म्हणजे व्हिनेगर. निवृत्त झाल्यावर त्यांनी तेलगावात आमच्या शेजारी घर बांधलं, तेव्हापासून हे वर्णन मी इतक्या वेळा ऐकलं, की त्या बंदरातलं धुकं आमच्या गल्लीतच कुठेतरी उतरतं असं मला वाटायला लागलं. बोलता बोलता त्यांचा आवाज हळू होई आणि उन्हाने पांढरा पडलेला समोरचा रस्ता थोडा ओला दिसू लागे.

एकदा मात्र ते वर्णनाच्या पुढे गेले. म्हणाले, "सर, मी तिथं मासा खात बसलेलो, तवा इथं दुष्काळ होता. ही रोज उन्हात टँकरपुढं हंडे घेऊन उभी. पत्रात तिनं एवढंच लिहिलं, पाणी येतं, काळजी करू नका." ही म्हणजे गयावहिनी. "तिला एकदा ते खाऊ घालायचंय. जसंच्या तसं."

जसंच्या तसं, या दोन शब्दांनी घरात फार काम वाढवलं. मासा सोपा होता. धरण जवळ, मच्छीमार सोसायटीची होडी रोज लागायची. बटाटा तर काय, बाराही महिने मिळतो. अडलं होतं ते आंबटापाशी. अण्णांनी एकेक आंबट आणलं आणि एकेक नापास केलं. लिंबू त्यांच्या मते घाईचं आंबट. चिंच आमटीची, ती तळलेल्यावर बसत नाही. नूडल्सच्या गाडीवरचं पांढरं व्हिनेगर चाखून ते म्हणाले, "हे बॅटरीत घालायचं." जांभळाचा सिरका साखरेच्या रोग्यांसाठी मिळतो. तो माशावर घातला तर अण्णांना तो मासाच आजारी वाटायला लागला.

पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने शेवटी खरा विलायती सिरका आणून दिला. तपकिरी रंग, उंच काचेची बाटली. अण्णांनी बूच काढलं, वास घेतला आणि बराच वेळ पश्चिमेकडे बघत राहिले. वहिनींनी बाटली पाहिली आणि पदर नाकाला लावला.

"हे मी न्हाई खायची."

"अगं, सिरका हाय तो."

"असंल. माझ्या बापाची बाटलीबी अशीच दिसायची, अन् वासबी असाच यायचा."

वहिनींचे वडील बाटलीत गेले होते, आणि जाण्याआधी घरातली भांडी त्याच वाटेने पाठवून गेले होते. वहिनींनी एकच अट घातली. बाटलीतलं नको. डोळ्यांपुढे घरात केलेलं असेल तर खाईन.

परळीला युनानी औषधांचं एक जुनं दुकान होतं. तिथे अण्णांनी उसाच्या रसाचा सिरका चाखला आणि शोध संपवला. रंग जवळपास तोच, आंबटपणा सावकाश येणारा आणि मागे गुळाची किंचित आठवण. दुकानदाराने कृती सांगितली, विरजणाला थोडा जुना सिरकाही दिला. होळीच्या सुमारास अण्णा स्टीलची बादली घेऊन चौकातल्या रसवंतीवर उभे राहिले.

"आलं घालू नको. लिंबू न्हाई. बर्फ न्हाई."

रसवंतीवाला चरक थांबवून बघायला लागला. "मंग पिनार कावून?"

"पिणार न्हाई."

त्या दुष्काळी साली बादलीभर रस म्हणजे चैन होती. ऊस उभ्या उभ्या वाळत होता, आणि जो हिरवा होता तो गुरांच्या छावणीत जात होता. चिनी मातीच्या बरणीत रस ओतून, तोंडाला फडकं बांधून अण्णांनी ती अंगणात उन्हाला ठेवली. एका बाजूला बरणी पिकत होती, दुसऱ्या बाजूला धरण आटत होतं. सकाळी फडक्याला कान लावायचा आणि संध्याकाळी काठावर जाऊन पाणी किती मागे गेलं ते बघायचं, असा त्यांचा दिनक्रम ठरला. बरणीच्या आधी मासे संपले तर सगळंच वाया जाणार होतं. घाई करता येण्याजोगी यातली एकही गोष्ट नव्हती.

चैत्राच्या उन्हात बरणी बोलायला लागली. आधी बुडबुडे, मग फेस आणि मग असा वास, की गल्लीतल्या जाणत्या माणसांच्या माना आपोआप वळल्या. अण्णा दर रविवारी विहारात दारूबंदीवर बोलत. लोक मुकाट्याने ऐकत, कारण अण्णाच पाण्याच्या टाकीचा पंपही दुरुस्त करत. तेच लोक आता कुंपणापाशी रेंगाळायला लागले.

"अण्णा, जयभीम. लई भारी वास सुटलाय."

"सिरका हाय बे तो!"

"हाव ना. आमी कुठं काय म्हनलं? फक्त रविवारी भाषण हाय का न्हाई, तेवढं सांगा."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी बरणी उचलून गोठ्यापलीकडे नेऊन ठेवली. म्हणाल्या, "अख्खं लहानपन मी या वासात काढलं. म्हातारपनी तुमी सुरू केलं व्हय?"

"अगं, ह्याचा सिरका व्हायचाय अजून."

"बापबी रोज म्हनायचा, उद्या सोडतो."

अण्णा दुसऱ्याच दिवशी एसटीने परळीला गेले. दुकानदार मुळीच चकित झाला नाही. "साब, बीच में दारू बनतीच है. उसको नक्को छेडो. सबर करे तो वो खुद सुधर जाती." हे मला सांगताना अण्णा खिन्नपणे हसले. "जन्मभर मी लोकांना सोडा म्हणालो. ती आपली आपण सुधरते, हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

अशा वेळी सहकार येणारच. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन एका दुपारी दोन संचालकांसह येऊन बरणीपुढे उभे राहिले. हे गृहस्थ धरणात मत्स्यबीज सोडतानाही फेटा बांधत. ती बोटभर पिल्लं फेटा बघून घाबरून पळतात, असं माझं निरीक्षण होतं.

"अण्णा, ह्याची सोसायटी करू."

"कशाची?"

"सिरक्याची. ऊस हाय, मासे हायेत, तुमी हायेत."

"ऊस छावणीत गेला. मासे चिखलात गेले. राहिलो मी."

"मग तुमीच चेअरमन." मागे उभ्या असलेल्या संचालकांनी घसा साफ केला. "म्हणजे, व्हाइस चेअरमन. अन् हे बटाट्याचं काय ऐकतो मी? माशाबरोबर उपासाचं खातात तिकडं?"

जाताना त्यांनी तांब्याभर नमुना मागितला. अण्णांनी दिला नाही. सोसायटीही झाली नाही, पण तिच्या उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावर दोन महिने चर्चा झाली असं कळलं.

अण्णा जाऊन आता काही वर्षं झाली. हिवाळ्यात, दुपारी जेवून जरा पडले आणि उठले नाहीत. त्यांच्या शोकसभेत चेअरमनांनी त्यांना सहकारमहर्षी म्हटलं. कुणाला वाईट वाटलं नाही, हा शब्द आमच्याकडे हारासारखाच वापरतात. मला मात्र अण्णा आठवतात ते त्याच उन्हाळ्याच्या अखेरचे, धरणाच्या पोटात बसलेले.

पाणी इतकं मागे गेलं होतं की धरणाने गिळलेलं जुनं गाव वर आलं होतं. आधी देवळाचा चौथरा दिसला, मग पाटलांच्या भिंती. वहिनींचं माहेर त्या गावच्या नदीकडच्या खालच्या वस्तीत. पाण्यात ती आधी गेली होती आणि वर सगळ्यात शेवटी आली. सोसायटीने शेवटची जाळी टाकली त्या आठवड्यात बरणीतला दारूचा वास गेला. फडकं सोडल्यावर अण्णांनी मला बोट बुडवायला लावलं. आंबट होतं, स्वच्छ आणि शांत.

वहिनीच म्हणाल्या, खायचंच असेल तर तिथे जाऊन खाऊ. म्हणून आम्ही तिघं भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. स्टोव्ह, कढई, पिठात घोळवलेला रोहू, बटाट्याचे जाड तुकडे आणि पितळी तांब्यात सिरका. वहिनींनी तीन दगड पाहिले, चौथा शोधला आणि मग म्हणाल्या, "हा आमचा उंबरा." त्यावर त्या बसल्या. समोर उरलेलं पाणी होतं, कडेला बगळे उभे होते. ऊन तिरपं झालं होतं आणि धुळीने भरलेल्या हवेत पलीकडचा काठ दिसेनासा झाला होता. काठ दिसत नाही म्हटल्यावर ते पाणी कितीही मोठं असू शकत होतं. अण्णा मासे तळत होते आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते पश्चिमेकडे बघत नव्हते.

त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदावर मासा ठेवला, बाजूला बटाटे रचले, तांब्यातून सिरका शिंपडला आणि कागद वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी घास घेतला. त्या सावकाश चावत होत्या, आणि आम्ही दोघं निकालाला आल्यासारखे उभे होतो.

"मासा चिखलाचा लागतोय," त्या म्हणाल्या.

"ह्या दिवसांत लागतो."

"आंबटानं बरा लागतोय. वता अजून."

अण्णांनी ओतला. त्या खात राहिल्या. मग पाण्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तिथं तुमच्यासंगं कोन असायचं बसायला?"

"कुणी न्हाई."

"एकटेच खायचे?"

"एकटाच."

वहिनींनी कागदातला मोठा तुकडा मोडून अण्णांपुढे धरला. "बसा की मग. उभ्यानं काय खाताय."

अण्णा उंबऱ्यावर त्यांच्या शेजारी टेकले. तुकडा हातात तसाच होता. वहिनींकडे न बघता त्यांनी विचारलं, "वास येतोय का गं?"

वहिनींनी कागद नाकाशी नेला. आपल्या बापाच्या उंबऱ्यावर बसून, डोळे मिटून त्यांनी पुरता श्वास घेतला.

"येतोय," त्या म्हणाल्या. "उसाचा."