एका राउटरला एक शिंगरू

आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला की नियम ठरलेला असतो. कुठल्या घराला किती घागरी, ते त्या घरात माणसं किती आहेत त्यावर. आणि ज्याच्या हातात पाइप असेल, त्यानं स्वतःच्या घागरी सगळ्यांत शेवटी भरायच्या. हे कुणी कागदावर लिहिलेलं नाही. मोडायची हिंमत मात्र कुणाची होत नाही, कारण मोडलं तर समोरच्या अण्णांच्या बायकोचा आवाज सात रस्ता चौकापर्यंत जातो. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या मुलीला मर्यादा कशाला म्हणतात हे शिकवायला कुठल्या कंपनीची गरज नाही. माझा मर्यादेवर राग नाहीच. मर्यादा लोकांना घालायची, पाइप आपल्या हातात ठेवायचा आणि वर त्याला न्याय म्हणायचं, यावर माझा राग आहे.

गोष्ट मोबाइलवरच्या एका खेळाची आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. घोड्यांच्या शर्यतींचा खेळ. पैसे लावायचे नसतात. तबेला बांधायचा, घोडी पाळायची, शिंगरू वाढवायचं, शर्यतीत उतरवायचं. जिंकलं की नाणी मिळतात, ती खेळातच खर्च होतात. बाहेर त्या नाण्यांचा अर्धा चहासुद्धा येत नाही.

हा खेळ आमच्या शेजारच्या आपाच्या फोनवर मीच टाकून दिला. आपा शाळेचे गणवेश शिवते. एकटीच राहते. तिचे अब्बा स्टेशनवर टांगा चालवायचे. रिक्षा वाढल्या, टांग्यात कुणी बसेना, तेव्हा त्यांनी घोडी विकायचं ठरवलं. लेक रडून गोंधळ घालेल म्हणून तिला आधी मामूकडं पाठवून दिलं. "परत आले तर घोडीच्या जागेवर कुणाची तर मोटरसायकल लावलेली," असं ती अजून सांगते. "मला एकदा दाखवायची तरी की."

खेळात तिनं जी पहिली घोडी घेतली तिला अब्बांच्या त्याच घोडीचं नाव दिलं. शर्यतीत ती घोडी यथातथाच. चौथी, पाचवी यायची. आपाला त्याचं काही नव्हतं. दुपारी मशीनची सुई थांबली की फोन उघडायची, घोडीला चारा घालायची, पाठीवरून बोट फिरवायची. पडद्यावरची घोडी कान हलवायची. आपा म्हणायची, "बघ, ओळखती मला." मी म्हणायची, "आपा, ते सगळ्यांनाच ओळखतं." ती म्हणायची, "तू गप बस. तू पत्रकं वाट."

पत्रकं मी कॉलेजात असल्यापासून लिहिते. बसच्या पासाची, वसतिगृहातल्या पाण्याची. नवी पेठेत कापडाच्या दुकानांतून दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींना बसायला स्टूल द्या, एवढ्याची सुद्धा. माणूस रस्ता ओलांडता ओलांडता पहिली ओळ वाचून पुरी करेल असं लिहायचं, हे मी चौकात उभी राहून शिकले. म्हणून खेळात अन्याय दिसला तेव्हा मी तिथंही तेच केलं.

अन्याय असा होता. दर हंगामाला शिंगरांची विक्री निघायची. मोठमोठे तबेलेवाले पहिल्या क्षणाला सगळी शिंगरं उचलून न्यायचे. आमच्यासारख्यांना रिकामी गव्हाण बघायला मिळायची. खेळाडूंना लिहायला एक फलक आहे, त्यावर मी लिहायला लागले. प्रत्येक खेळाडूला एका हंगामात एक शिंगरू. एवढीच मागणी. रोज लिहिलं. शिव्या खाल्ल्या, दिल्या. लोक जमत गेले आणि एक दिवस कंपनीनं जाहीर केलं की मर्यादा येणार. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. अण्णा म्हणजे आमच्या समोरचे, तेलुगू घरातले, आयुष्यभर चादरीच्या मागावर काम करून आता घरी बसलेले. तेही हाच खेळ खेळतात. मला म्हणाले, "तू नगरसेविका हो बाई आता."

मर्यादा आली. वर ठळक अक्षरात: सर्वांसाठी समान. खाली बारीक अक्षरात दोन गोष्टी. एक, मर्यादा प्रत्येक खेळाडूला नाही, प्रत्येक इंटरनेट जोडणीला. ज्या जोडणीवर पहिल्यांदा खातं उघडलं, ते खातं कायमचं तिच्या नावावर. दोन, दरमहा पैसे भरून सोनेरी परवाना घेतला तर मर्यादा लागू नाही. म्हणजे मोठे तबेलेवाले परवाना घेऊन मोकळे. आणि मर्यादा कुणाला? तर आम्हाला.

आमच्या गल्लीत राउटर एकच आहे. आपाच्या खिडकीतल्या फळीवर असतो, कारण तिथून सगळ्या घरांना रेंज येते. बिल पाळीपाळीनं भरतो. एका महिन्याला अण्णा, पुढच्या महिन्याला आपा, मग आम्ही, मग कोपऱ्यावरचे. भिशीसारखं. कुणाची पाळी चुकली तर दुसरा भरतो, बोलून दाखवत नाही. याच राउटरवर आमच्या सगळ्यांची खाती उघडलेली.

त्या हंगामात आपाची घोडी म्हातारी झाली होती. खेळात घोडीला वय असतं. एवढं शेवटचं शिंगरू, मग ती निवृत्त होणार. कंपनीच्या घोड्यापासून शिंगरू झालं तर ते विक्रीला जातं आणि ज्याची घोडी त्याला ते घ्यायचा पहिला हक्क असतो, रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत. आपानं त्यासाठी नाणी साठवून ठेवलेली. शिंगरू तांबूस होतं, कपाळावर पांढरा ठिपका. शुक्रवारी दुपारी ती मशीनवरून उठली, हात पुसले, "आ मेरे राजा" म्हणाली आणि बटण दाबलं.

पडदा लाल झाला. 'तुमच्या घराची या हंगामातील खरेदी पूर्ण झाली आहे.'

"माझ्या घराची?" आपा म्हणाली. "माझ्या घरात मी आन् मशीन. मशीननं घेतलं का शिंगरू?"

सकाळी अण्णांनी एक काळं शिंगरू घेतलं होतं. तेवढ्यात गल्लीची मर्यादा संपली. अण्णा धावत आले, चष्मा कपाळावर तसाच. "अय्यो, माझ्यामुळं झालं की. मी परत देतो." परत द्यायचं बटणच नव्हतं. ते माणूस दारात उभं राहून आपाची माफी मागत होतं. आपा त्यांना म्हणाली, "अण्णा, तुमी काय चोरी केली का? बसा. चहा घ्या." चहा करताना तिनं आमच्याकडं पाठ केली होती आणि साखर दोनदा टाकली.

मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं: 'प्रिय खेळाडू, न्याय्य खेळासाठी आम्ही कटिबद्ध आहोत. तुमची घरे स्वतंत्र असल्यास प्रत्येकाने आपल्या इंटरनेट बिलाची पावती पाठवावी.'

आता यावर आमच्या गल्लीनं काय केलं असेल? प्रत्येकानं पावती पाठवली. ज्यानं त्यानं आपापल्या पाळीच्या महिन्याची. खोटं कशाला बोलायचं, आम्ही भरलंय की! अण्णांनी तर सोबत चार ओळीही लिहिल्या. नीट, अदबीनं, जसं ते कुणालाही लिहितात तसं: आम्ही इथं सगळे एकाच घरातल्यासारखे राहतो, आपाच्या सुखदुःखाला आम्ही आहोत, तरी कृपा करून तिला तिचं शिंगरू द्यावं. पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं असतं तर मी तो मजकूर त्यांच्या हातातून काढून घेतला असता. पण त्यांना माझ्या आधी लिहून माझं काम हलकं करायचं होतं.

शनिवारी निकाल आला. सगळ्या पावत्यांवर ग्राहक क्रमांक एकच, आणि 'आपल्या सहकाऱ्याच्या निवेदनानुसार आपण एकत्र राहता'. अर्ज फेटाळला. शिवाय ताकीद: पुन्हा असा प्रयत्न केल्यास सगळी खाती बंद.

माझं डोकं फिरलं. परवाना घेतलेल्या एकट्या मुंबईकराच्या तबेल्यात शंभर घोडे उभे राहू शकतात, त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुझ्या घरात माणसं किती. आणि जी माणसं एक तार वाटून वापरतात, ती लबाड! वाटून घेणं हाच पुरावा! ज्याला स्वतःची वेगळी जोडणी परवडते, तो प्रामाणिक. मी फलकावर हे सगळं लिहिलं. टँकरचं लिहिलं. लिहिलं की तुम्ही पाइप हातात धरून आधी तुमची टाकी भरताय आणि आम्हाला एक घागर देऊन रांगेची शिस्त शिकवताय. शनिवारभर लोक ते वाचत होते, पुढं पाठवत होते. ज्यांच्याकडं एका घरात चार भावंडं खेळतात, हॉस्टेलवर दहा मुली खेळतात, ते सगळे येऊन लिहायला लागले.

रविवारी सकाळी कंपनीचा निरोप आला. मला एकटीला. 'आपल्या योगदानाची दखल घेऊन आपणांस सोनेरी परवाना भेट देत आहोत.' खाली बटण: स्वीकारा.

मी तो निरोप आपाला वाचून दाखवला. हसत दाखवला. म्हटलं, "बघ, मला विकत घ्यायला निघालेत. याचा मी आत्ता फोटो लावते फलकावर, आणि नाही म्हणते. चांगली फजिती करते."

आपा गणवेशाला काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "परवाना घेतला तर शिंगरू घेता येतं?"

"माझ्या नावावर. पाचनंतर, सगळ्यांना खुलं झालं की. तुला देता पण येणार नाही. एकाच राउटरवरच्या खात्यांत घोडा द्यायला बंदी आहे."

"पण ते आपल्या गल्लीत राहील."

"आपा, तुला कळतंय का? मी हे घेतलं तर उद्या कुठल्या तोंडानं बोलू?"

तिनं कात्री खाली ठेवली. "अब्बांनी बी मला हेच सांगितलं. बेटा, तुझ्या भल्यासाठी, तुला कळत न्हाय. आन् घोडी गेली. तुला लढायचंय तर लढ, लई लढ. पण माझ्या घोडीच्या शिंगरावर उभी राहून नको लढू."

चौकात मला कुणी असं बोललेलं नाही. राग आला. तिच्यावर आला, मग माझ्यावर, मग जिथं यायला हवा होता तिथं. ज्या माणसांनी असा दरवाजा बांधला की आत जायचं तर मी स्वतःलाच विकायचं आणि नाही गेले तर आपाला, त्या माणसांवर. ते कुठं तरी एसीत बसून याला बक्षीस म्हणत होते.

पाचच्या आधी मी स्वीकारलं. अण्णा, आपा आणि मी तिघं तिच्या मशीनभोवती बसलो. मला वाटत होतं, पाच वाजले की परवानेवाले तुटून पडतील. अंगठा बटणावर धरून बसले होते. पाच वाजले, मी दाबलं, शिंगरू आलं. इतकं सोपं. मग मी त्याच्या विक्रीची नोंद उघडून पाहिली. त्याच्याकडं दुसऱ्या कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. म्हाताऱ्या, हरणाऱ्या घोडीचं शिंगरू. कुणाला हवं होतं ते? आपा सोडून जगात एकालाही नको होतं. कुणाचा घास जाऊ नये म्हणून घातलेली ती मर्यादा; आणि ज्या शिंगरावर कुणाचाच डोळा नव्हता, त्यापासून तिनं तेवढ्या एका बाईला अडवलं. हे कळल्यावर मी इतक्या जोरात शिवी दिली की अण्णा म्हणाले, "हळू, माझी बायको ऐकेल."

आता शिंगरू माझ्या तबेल्यात आहे. आपा दुपारी येते, माझा फोन घेते, चारा घालते, कपाळावरच्या ठिपक्यावर बोट ठेवते. शिंगरू कान हलवतं. 'ते सगळ्यांनाच ओळखतं' असं मी आता म्हणत नाही.

आणि माझ्या नावापुढं फलकावर सोनेरी चांदणी आली आहे. परवान्याची खूण. ती लपवता येत नाही, मी शोधून दमले. मी मर्यादेबद्दल एक ओळ लिहिली की खाली दहा जण येतात. चांदणीवाल्या ताई, तुम्ही बोलूच नका. भाव काय मिळाला? हॉस्टेलवरच्या मुलींनी पण लिहिलं, ते जास्त लागलं. काही दिवस मी लिहिणंच बंद केलं. कंपनीला हेच हवं होतं, आणि फुकटात मिळालं.

परवा आपानं विचारलं, "लिहीत न्हाईस वाटतं हल्ली?"

मी चांदणीचं सांगितलं. लोक काय म्हणतात तेही.

ती शिंगराला चारा घालत होती. "काढता येत न्हाय?"

"नाही."

"मग राहू दे की. तिच्यासकट बोल. मी बुरखा घालून बँकेत भांडत न्हाय का?" आणि फोन माझ्या हातात देऊन उठली. "हे घे. पोट भरलंय त्याचं."

तिच्या बोटांवरच्या शिवणखडूची धूळ पडद्यावर तशीच होती. मी फलक उघडला आणि पत्रक लिहितात तशी पहिली ओळ लिहिली: माझ्या नावापुढं चांदणी आहे, ती मला कशी आणि कशासाठी मिळाली ते सांगते, आणि मग आपण सगळे मिळून विचारू की ती आपाच्या नावापुढं का नको होती, आणि मुळात कुणाच्याही नावापुढं का हवी होती.