बर्गीबाबूंचं रक्त

“तुमचा काय संबंध?”

हे त्यांचं वाक्य. दूधवाल्याने त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, तब्येत विचारावी, मराठी मंडळाच्या चिटणिसांनी रविवारी येणार का विचारावं, ट्रामच्या कंडक्टरने कुठे उतरणार विचारावं, उत्तर हेच. आणि ते देताना उजव्या हाताची बोटं अशी झटकायचे की समोरच्याला आपण माशी आहोत असं वाटे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या आत कुठेतरी ओलावा असतो म्हणतात. मी यांच्या वरच्या मजल्यावर बरीच वर्षं राहिले आणि तो शोधायच्या भानगडीत कधी पडले नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. यजमानांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली आणि आम्ही बागबाजारात बिऱ्हाड थाटलं. खालचे हे गृहस्थ तिथेच जन्मलेले. मराठ्यांच्या स्वाऱ्यांना भिऊन खणलेला जुना खंदक याच भागात सुरू होत असे, त्यामुळे बंगाली शेजारी त्यांना थट्टेने बर्गीबाबू म्हणत; बर्गी म्हणजे लुटायला येणारे मराठे घोडेस्वार. ते खिदिरपूरच्या गोदीत जहाजावरचा माल सोडवून घ्यायच्या कामावर होते. बंगाली असं बोलत की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. मराठी मात्र पुस्तकी, आणि तीही आमच्याशी फारशी बोलायची इच्छा नसे. आम्हाला ते ‘बदलीवाले’ म्हणत. तीन वर्षं राहणार, उन्हाळ्याला नावं ठेवणार आणि जाणार.

मी जीवरसायनशास्त्र शिकले होते. इथे एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं. आमचे डॉक्टरसाहेब, एक शांत बंगाली गृहस्थ, धडधाकट माणसांच्या रक्तातल्या चरबीचा अभ्यास करत होते. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तात ती प्रथिनांना धरून फिरते. या जोडीला लायपोप्रोटीन म्हणतात. कुणाच्या रक्तात ती बेताची असते, कुणाच्या रक्तात बेसुमार, आणि मग ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचून माणूस तरुणपणीच जाऊ शकतो. साहेबांचा प्रश्न असा होता की हे आईबापांकडून येतं, की माणूस जिथे राहतो तिथल्या खाण्यापिण्यातून? त्यासाठी त्यांना कलकत्त्यात मुरलेली मराठी कुटुंबं हवी होती. इथे मोहरीच्या तेलातले मासे खाणारा एक भाऊ, तिकडे ज्वारीची भाकरी खाणारा दुसरा. प्रयोगशाळेत मराठी बोलणारी मी एकटीच, तेव्हा माणसं जमवायचं काम माझ्याकडे आलं.

मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं समजावून सांगितलं. बरीच घरं तयार झाली. तेवढ्यात बर्गीबाबू उठले. म्हणाले, बदलीवाल्यांना इथे करमत नाही, म्हणून आता आमचं रक्त काढायचा उद्योग सुरू झालाय. आज हौसेने हात पुढे कराल, उद्या तुमच्या मुलीचं लग्न जमत असताना याच बाई सांगतील की घराण्यात खोट आहे. त्या एका वाक्याने निम्मी घरं मागे फिरली. साहेबांचं काम अडलं. मी घरी येऊन संतापाने रडले. त्या दिवसापासून जिन्यात ते दिसले की मी भिंतीकडे बघत उतरत असे.

पुढच्या हिवाळ्यात त्यांची आई अमरावतीला वारली आणि धाकटा भाऊ अस्थी घेऊन कलकत्त्याला आला. ही हकीकत मला काकूंनी गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितली. त्यांचे सासरे भर तारुण्यात, नळावर पाणी भरता भरता कोसळले होते. सासूबाईंनी मनाशी घेतलं की या शहराच्या दमट हवेनेच माणूस नेला. अमरावतीच्या मामांनी एकाच पोराला ठेवून घ्यायची तयारी दाखवली. सासूबाई धाकट्याला घेऊन गेल्या, कारण तो लहान आणि अशक्त. थोरल्याला आजोबांपाशी ठेवलं आणि लवकरच न्यायला येते म्हणाल्या. आल्या नाहीत.

दोघा भावांनी आईच्या अस्थी बागबाजारच्या घाटावर सोडल्या. पण घरात ते एकमेकांशी बोलत ते काकूंमार्फत. “त्यांना सांग, पान वाढलंय,” असं बर्गीबाबू म्हणत, आणि ‘ते’ हाताच्या अंतरावर बसलेले असत.

धाकटा अमरावतीला शाळेत शिक्षक होता. बारीक अंगाचा, हसरा. काकूंकडून माझ्या कामाचं कळल्यावर तो आपणहून वर आला आणि म्हणाला की माझं रक्त उपयोगी पडत असेल तर घ्या. मासा त्याने जन्मात खाल्लेला नव्हता, तूपही सणापुरतं. बोलताना माझं लक्ष त्याच्या पापण्यांकडे गेलं. नाकालगतच्या कोपऱ्यांत पिवळसर डाग होते, रक्तात चरबी फार झाली की उमटतात तसे. तसेच डाग मी जिन्यात, भिंतीकडे नजर वळवण्याआधी, रोज पाहत होते, कुणीतरी माझ्याकडे डोळे वटारले की.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, मी त्याचं रक्त घेतलं. त्या काळी आम्ही रक्तातला पातळ भाग कागदाच्या पट्टीवर ठेवून तिच्यातून वीज सोडत असू आणि मग ती रंगात बुडवत असू. चरबी जिथे जमेल तिथे काळपट निळा पट्टा उमटे. त्याचा पट्टा इतका गडद आला की साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी मला त्याच्या वडिलांचं विचारलं, मी सांगितलं. मग ते म्हणाले, “दादालाही बोलवा. अभ्यास राहू दे, पण त्या माणसाला कळायला हवं.”

मी खाली गेले. त्यांनी आपलं ठेवणीतलं वाक्य ऐकवलंच.

“माझा काहीच नाही,” मी म्हटलं. “तुमचा तुमच्या भावाशी आहे. ते रक्तात दिसतंय.”

ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आता दार दाखवणार.

“त्याचं रक्त वेगळं, माझं वेगळं,” ते म्हणाले. “तो तिकडे वाढला, मी इथे. घ्या रक्त, आणि आमचं एकमेकांशी काही नाही हे मला दाखवून द्या.”

अशा रीतीने त्यांनी रक्त दिलं. लोभाने नव्हे, रागाने.

दोन्ही पट्ट्या मी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवल्या. ते बराच वेळ वाकून बघत होते.

“यातली माझी कुठली?”

मी पाहिलं. मलाही सांगता येईना. पट्ट्या उलटून मागचे क्रमांक वाचावे लागले, आणि ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी माझ्यावर अदलाबदलीचा आरोप केला. मी पुन्हा रक्त घेतलं. वीज गेली आणि तो नमुना वाया गेला, तेव्हा हेही माझंच कारस्थान ठरलं. मी आणखी एकदा घेतलं. पट्टी तशीच आली. तोवर धाकटा अमरावतीला परतला होता.

“म्हणजे वडील हवेनं गेले नाहीत?”

“खात्रीनं कुणी सांगणार नाही. पण बहुतेक त्यांच्याही रक्तात हेच असावं. हे माणसाबरोबर जातं, कुठेही नेलं तरी.”

“मग तिनं त्याला फुकट नेलं,” ते म्हणाले आणि हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं, आणि ते हसू बघवत नव्हतं. मग त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी निघाले तेव्हा पाठमोरेच म्हणाले, “त्याला तूप, अंडी बंद करायला कळवा. मी सांगितलं म्हणू नका.”

आभाराचा शब्द नाही. मंडळात माझ्याविरुद्ध बोलणंही त्यांनी थांबवलं नाही. मी अमरावतीला कळवलं खरं, पण तेव्हा पथ्य आणि एखाददुसरं औषध यापलीकडे आमच्या हाती फारसं काही नव्हतं. नंतरच्या वर्षी धाकटा वर्गात शिकवता शिकवता गेला.

बर्गीबाबू अमरावतीला गेले. आयुष्यात पहिल्यांदा. परत आले ते कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीला घेऊन, आणि तिला थेट माझ्यासमोर बसवलं. मुलांपैकी कुणात हे उतरतं, कुणात नाही, हे साहेबांनी त्यांना समजावलं होतं. मुलीची पट्टी फिकी आली, अगदी चारचौघांसारखी. मी तसं सांगितलं, तर म्हणाले की तुम्हाला काम येत नाही, पुन्हा घ्या. मी चिडून पुन्हा घेतलं. तीही पट्टी फिकीच आली.

पुढे आमची बदली पुण्याला झाली. बर्गीबाबू खिदिरपूरला गोदीतच वारल्याचं काकूंनी कळवलं. मला रडू आलं नाही. मला ते कधीच आवडले नव्हते, आणि मेल्यावर माणूस आवडायला लागावा हे मला पटत नाही.

पण ती दुसरी वेळ आठवते. मी सुई काढली आणि मुलीच्या दंडाखाली, कोपराच्या खोबणीत, कापसाचा बोळा ठेवला. तो दाबायला ते पुढे झाले. मी नळी बर्फात ठेवली, टेबल पुसलं, हात धुऊन आले, तरी त्यांचा अंगठा तिथेच होता.

“काका, रक्त केव्हाच थांबलंय,” मुलगी म्हणाली.

त्यांनी अंगठा उचलला नाही.